भत्ता आणि नोकरी यांमधले अंतर: फ्रान्सचा सदतीस वर्षांचा अनुभव

उत्तर फ्रान्समधल्या एखाद्या जुन्या गिरणी-गावात एकटीच राहणारी, पंचेचाळिशीतली एक बाई डोळ्यांसमोर आणू. तिला दुसरे कोणतेही उत्पन्न नाही, म्हणून 2025 साली तिला किमान उत्पन्न भत्ता म्हणून दरमहा 646 युरो 52 सेंट मिळतात. घरभाड्यासाठी वेगळी मदत मिळत असेल तर त्यातून साधारण 78 युरो कापले जातात. एक दिवस तिला कार्यालये झाडण्या-पुसण्याचे काम चालून येते. वेळ पहाटे पाच ते आठ, आठवड्याचे पाच दिवस, पगार किमान वेतनाच्या दराने. महिन्याकाठी या कामाचे तिच्या हाती सुमारे 610 युरो येतील, म्हणजे आज घरी बसून मिळतात त्याहून थोडे कमीच. आता तिने हे काम घ्यावे की नाही?

या प्रश्नाला उत्तर देताना बहुतेक जण थेट माणसाच्या स्वभावावर घसरतात. एका बाजूला ‘बसून मिळते आहे तर कोण कशाला राबेल’ असे म्हणणारे असतात आणि दुसऱ्या बाजूला ‘काम कोणाला नको असते’ असे म्हणणारे. फ्रान्समध्ये हा वाद निदान चार दशके चालू आहे. सरकारी मदतीवर जगण्याच्या सवयीसाठी तिथल्या राजकारणात ‘आसिस्ताना’ असा एक खास टोमणाही रुळलेला आहे. परंतु या चार दशकांत त्या देशाने केवळ वाद घातला नाही, तर एकामागून एक कायदे करून, काही वेळा आधी निवडक जिल्ह्यांत चाचणी घेऊन, भत्त्यावरचा माणूस नोकरीपर्यंत कसा पोहोचतो आणि वाटेत कुठे अडकतो हे तपासून पाहिले. म्हणूनच हा विषय समजून घ्यायला फ्रान्सचे उदाहरण सोयीचे आहे.

एका अक्षराचे वचन

फ्रान्समध्ये राष्ट्रीय पातळीवरचा किमान उत्पन्न भत्ता 1 डिसेंबर 1988 च्या कायद्याने आला. त्या वेळी मिशेल रोकार पंतप्रधान होते आणि फ्रांस्वा मितेराँ नुकतेच दुसऱ्यांदा राष्ट्राध्यक्ष झाले होते. त्याच्या आधीच्या वर्षी, 1987 मध्ये, जोसेफ व्रेझिन्स्की या धर्मगुरूंनी तिथल्या आर्थिक व सामाजिक परिषदेसमोर दारिद्र्यावरचा एक अहवाल मांडला होता. व्रेझिन्स्की स्वतः अत्यंत गरिबीत वाढले होते आणि पॅरिसजवळच्या नुआझी-ल-ग्राँ येथील बेघरांच्या छावणीत त्यांनी 1957 मध्ये ‘आ-ते-दे कार मोंद’ ही संघटना उभी केली होती. अहवालाचे म्हणणे असे होते की, गरिबी ही एकट्या पैशाची कमतरता नसून घर, आरोग्य, शिक्षण, काम आणि ओळखीपाळखी अशा अनेक आधारांचे एकाच वेळी निसटणे होय. नवा कायदा जवळपास एकमताने मंजूर झाला, ही गोष्ट आजच्या तिथल्या कडवट वादांकडे पाहताना खरी वाटत नाही.

या भत्त्याचे संक्षिप्त नाव आरएमआय असे होते. त्यातल्या आर आणि एम या अक्षरांचा अर्थ ‘किमान उत्पन्न’. शेवटचा आय म्हणजे ‘अँसेर्सियाँ’, ज्याचे मराठीत ‘समाजात पुन्हा सामावून घेणे’ असे लांबलचक भाषांतर करावे लागते. एकट्या माणसाला सुरुवातीला दरमहा 2000 फ्रँक मिळत. वयाची अट 25 वर्षांची होती. त्याहून लहान आणि मूलबाळ नसलेल्या तरुणांना त्यातून वगळले होते, आणि थोड्याफार अपवादांखेरीज ती अट आजही टिकून आहे. भत्ता मिळू लागल्यावर तीन महिन्यांच्या आत लाभार्थी आणि प्रशासन यांच्यात एक करार व्हायचा. हा करार दुहेरी होता हे लक्षात ठेवले पाहिजे. लाभार्थ्याने प्रयत्न करायचे, आणि समाजाने त्याला प्रशिक्षण, उपचार, घर किंवा काम यांपैकी जे लागेल ते मिळवून द्यायचे. यामागे 1946 च्या राज्यघटनेच्या प्रस्तावनेतली दोन वाक्ये होती. त्यांपैकी एकात प्रत्येकाचे काम करण्याचे कर्तव्य आणि काम मिळण्याचा हक्क एकत्रच सांगितला आहे. दुसऱ्यात वय, प्रकृती किंवा आर्थिक परिस्थितीमुळे जो काम करू शकत नाही त्याला समाजाकडून जगण्याची योग्य साधने मिळण्याचा हक्क दिला आहे. ही प्रस्तावना आजही लागू आहे.

भत्त्याचा पैसा केंद्र सरकार देई, आणि सामावून घेण्याचे काम देपार्तमाँकडे, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागांकडे होते. कायद्यात एक चोख तरतूद होती. केंद्र सरकार त्या जिल्ह्यात भत्त्यावर जेवढी रक्कम खर्च करील, तिच्या 20 टक्के रक्कम जिल्ह्याने स्वतःच्या तिजोरीतून सामावून घेण्याच्या कामावर खर्च केलीच पाहिजे, असे बंधन घातलेले होते. ही तरतूद पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

प्रत्यक्षात किमान उत्पन्न वेळेवर मिळत गेले आणि शेवटचे अक्षर मागे पडले. करार निम्म्याच्या आसपास लाभार्थ्यांशीच झाले, आणि झालेल्या करारांतलेही बरेच फाईलमध्ये लावण्यापुरते होते. हा भत्ता थोड्या दिवसांची अडचण भागवण्यासाठी आहे अशी मूळ समजूत होती; वीस वर्षांनी त्यावर अकरा लाखांच्या आसपास कुटुंबे होती. लाभार्थ्यांसाठी ‘एरेमिस्त’ असा शब्दच फ्रेंच भाषेत तयार झाला आणि तो कौतुकाने वापरला जात नसे.

हिशोबाचा सापळा

करार मागे पडण्याखेरीज दुसरा एक दोष आकड्यांत लपलेला होता. आरएमआय हा ‘भरपाई’ प्रकारचा भत्ता होता, म्हणजे तुमच्या उत्पन्नात ठरावीक पातळीपर्यंत जेवढी तूट असेल तेवढीच सरकार भरून देणार. समजा, ती पातळी दरमहा 450 युरो आहे, जी 2008 च्या सुमारास जवळपास तेवढीच होती. माणसाची कमाई शून्य असेल तर त्याला 450 मिळतील. त्याने 200 युरो कमावले तर भत्ता 250 वर येईल आणि एकूण रक्कम पुन्हा 450 च राहील. अर्धवेळ नोकरीतून 500 युरो मिळाले तर भत्ता बंद होईल. म्हणजे महिनाभर रोज अर्धा दिवस राबून प्रत्यक्षात 50 युरोंची भर पडली, आणि बसचा पास व दुपारचे बाहेरचे खाणे यांत तेवढे सहज संपतात. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर, कमावलेल्या प्रत्येक युरोवर शंभर टक्के कर लागला. कोट्यधीशावर कोणी असा कर लावत नाही. काम सुरू झाल्यानंतर काही काळ पगार आणि भत्त्याचा काही भाग एकत्र घेण्याची सवलत होती खरी; पण ती तात्पुरती होती आणि तिचे नियम लाभार्थ्याला तर सोडाच, खिडकीपलीकडच्या कर्मचाऱ्यालाही समजावून सांगणे अवघड जाई.

हा सापळा मोडण्याचे काम मार्तें हिर्श यांनी अंगावर घेतले. बेघर व गरिबांसाठी काम करणाऱ्या ‘एमाउस फ्रान्स’ या संस्थेचे ते अध्यक्ष होते आणि 2007 मध्ये ते सरकारात आले. त्यांचे सूत्र एका ओळीत मावणारे होते: कामाच्या प्रत्येक तासाने हातातली रक्कम वाढलीच पाहिजे. 2007 पासून काही जिल्ह्यांत प्रयोग करून 1 डिसेंबर 2008 च्या कायद्याने आरएमआयच्या जागी आरएसए हा नवा भत्ता आणला गेला आणि 1 जून 2009 पासून तो युरोपातल्या फ्रान्समध्ये लागू झाला. नव्या नियमाप्रमाणे कमाईचा प्रत्येक युरो आला की भत्ता एक युरोने न घटता 38 सेंटने घटे, उरलेले 62 सेंट माणसाच्या खिशात राहत. वरच्याच उदाहरणात 500 युरो कमावणाऱ्या माणसाला आता एकूण 760 युरो मिळू लागले. कामामुळे पडलेली भर 50 वरून 310 वर गेली.

कागदावर यापेक्षा नेटका उपाय सापडणे कठीण. म्हणूनच पुढे जे झाले त्याकडे थांबून पाहायला हवे. अर्थतज्ज्ञ फ्रांस्वा बुर्गिन्याँ यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय मूल्यमापन समितीने 2011 च्या शेवटी अहवाल दिला, तेव्हा असे दिसले की काम करत असताना मिळणाऱ्या या पूरक रकमेला पात्र असलेल्या दर 100 लोकांपैकी तब्बल 68 जणांनी तिच्यासाठी अर्जच केला नव्हता. ज्यांचे उत्पन्न शून्याच्या जवळ होते, त्यांच्यातही मूळ भत्ता न घेणाऱ्यांचे प्रमाण 35 टक्के होते. रोजगारावर झालेला परिणामही समितीला फारसा ठळक दिसला नाही.

फुकटच्या पैशाची चटक लागते म्हणणाऱ्यांनी हे आकडे सावकाश वाचावेत. हक्काचे पैसे समोर असूनही माणसे ते घेत नाहीत, कारण ते आपल्यासाठी आहेत हेच अनेकांना ठाऊक नसते. ज्यांना ठाऊक असते त्यांतल्या काहींना कागदपत्रांचा धसका असतो आणि काहींना त्या खिडकीसमोर उभे राहण्याची लाज वाटते. चार तास काम करून घर चालवणाऱ्या माणसाला आपली गणना ‘भत्तेवाल्यांत’ व्हायला नको असते. भरीस भर म्हणून एकाच नावाच्या योजनेत काम नसलेले आणि कमी पगारावर काम करणारे अशा दोघांना कोंबल्यामुळे दुसऱ्या गटाला पहिल्याचा शिक्का आपल्यावर बसेल अशी भीती वाटली. 1 जानेवारी 2016 पासून हा दुसरा भाग वेगळा काढून त्याला ‘प्रीम दाक्तिव्हिते’, म्हणजे कामाचा प्रोत्साहन-भत्ता, असे नाव दिले गेले आणि त्यानंतर अर्ज करणाऱ्यांचे प्रमाण बरेच सुधारले. तेव्हा नाव बदलणे हा नुसता देखावा नव्हता, असे म्हणावे लागेल.

आता सुरुवातीच्या बाईकडे परत येऊ. तिने 610 युरोंचे काम घेतले तर मूळ भत्ता जवळपास संपेल, परंतु प्रोत्साहन-भत्त्यामुळे कमाईतला साधारण साठ टक्के भाग तिच्याकडे भर म्हणून राहील. घरभाड्याची मदत बाजूला ठेवून ढोबळ हिशोब केला, तर तिच्या हाती महिन्याला हजार युरोंच्या आसपास येतील. म्हणजे हिशोबाचा सापळा बहुतांशी मोडला आहे, आणि तरीही ती अडते.

तिमाहीचा फेरा

ती कुठे अडते हे पाहताना आधी कागदाचा अडसर घेऊ, कारण त्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. भत्त्याची रक्कम दर तीन महिन्यांनी ठरते. मागच्या तीन महिन्यांत काय कमावले ते लाभार्थ्याने कळवायचे आणि त्यावरून पुढच्या तीन महिन्यांची रक्कम निघायची. ज्याचे उत्पन्न स्थिर आहे त्याला यात काही अडचण नाही. पण किमान भत्त्यावरून कामावर जाणारा माणूस क्वचितच थेट कायम नोकरीत जातो. तो आधी सहा आठवड्यांची बदली धरतो, मग गोदामात सणासुदीचे काम, मग काही काळ काहीच नाही. जानेवारी ते मार्च काम केले तर एप्रिल ते जूनचा भत्ता घटतो, आणि नेमके एप्रिलमध्ये काम सुटलेले असते. माहिती देताना एखादी पगारपावती विसरली, पगार एका रकान्याऐवजी दुसऱ्यात भरला किंवा महिना चुकला, तर काही महिन्यांनी ‘तुम्हाला जादा रक्कम दिली गेली आहे, ती परत करा’ असे पत्र येते आणि पुढच्या हप्त्यांतून कपात सुरू होते. असे पत्र एकदा आलेल्या माणसाला छोट्या मुदतीचे काम म्हणजे संकट वाटू लागते, आणि त्याला आळस म्हणणे अन्यायाचे आहे. महिन्याच्या खर्चात शंभर युरोंचाही सैलपणा नसलेल्या माणसासाठी थोड्या जास्त पैशांपेक्षा ठरलेले पैसे मोलाचे असतात.

हा अडसर सरकारला उशिरा का होईना, कळला. मार्च 2025 पासून देशभर असे अर्ज आधीच भरलेले येऊ लागले. मालकांनी कळवलेल्या पगाराचे आणि इतर भत्त्यांचे आकडे त्यांत छापलेले असतात आणि लाभार्थ्याने ते तपासून मान्य करायचे असतात. दिसायला हा कारकुनी बदल आहे. माझ्या मते मात्र गेल्या दहा वर्षांतल्या अनेक गाजलेल्या घोषणांपेक्षा तो जास्त उपयोगाचा आहे.

दुसरा अडसर अंतराचा. पहाटे पाचच्या कामाला पोहोचायचे तर साडेचारला निघायला हवे आणि त्या वेळी बस नसते. गाडी असली तरी ती चालवण्याचा परवाना लागतो, आणि फ्रान्समध्ये तो काढायला वर्ग, तास आणि परीक्षा मिळून सहज दीड हजार युरो किंवा त्याहून जास्त लागतात, म्हणजे दोन महिन्यांच्या भत्त्याहून अधिक. त्यामुळे अनेक जिल्हे परवान्याच्या खर्चाला हातभार लावतात आणि काही ठिकाणी कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी स्वस्तात गाडी दुरुस्त करून देणारी गॅरेजेही चालतात. तिसरा अडसर मुलांचा. पाळणाघरात जागा हवी असेल तर नोकरी लागते आणि नोकरीच्या मुलाखतीला जायचे तर पाळणाघर लागते. हे कोडे सोडवण्यासाठी 2016 पासून काही पाळणाघरांत काम शोधणाऱ्या पालकांच्या मुलांसाठी जागा राखून ठेवण्याची पद्धत सुरू झाली. परंतु पाळणाघर पहाटे पाचला उघडत नाही. प्रकृती, कर्ज, मोडकळीला आलेले घर, भाषा आणि वर्षानुवर्षे कोणी बोलावले नाही म्हणून खचलेला आत्मविश्वास, हे अडसर याखेरीज आहेतच. त्यांतला एकही भत्त्याच्या सूत्रातले 62 सेंटचे 70 करून सुटणारा नाही.

समोर बसणारा माणूस

हे अडसर सोडवण्यासाठी कोणीतरी समोर बसून एका माणसाची एक गाठ आधी, दुसरी नंतर, अशी उकल करावी लागते. यालाच 1988 च्या कायद्याने ‘सामावून घेणे’ म्हटले होते, आणि नेमका तिथेच पैसा आटला. डिसेंबर 2003 च्या कायद्याने भत्ता देण्याची जबाबदारीही जिल्ह्यांकडे गेली आणि त्याच वेळी ते 20 टक्क्यांचे बंधन (जे मधल्या काळात किंचित कमी केले गेले होते) पूर्णच काढून टाकण्यात आले. भत्ता हा कायदेशीर हक्क असल्यामुळे तो द्यावाच लागतो. समुपदेशक, प्रशिक्षण आणि परवान्याची मदत हा मात्र ऐच्छिक खर्च ठरला. 2008 च्या मंदीनंतर लाभार्थी वाढत गेले, केंद्राकडून मिळणारी भरपाई त्या वेगाने वाढली नाही, आणि जिल्ह्यांनी जिथे कात्री लावता येत होती तिथे लावली. म्हणजे ज्या वर्षांत सोबतीची गरज वाढली, त्याच वर्षांत तिच्यावरचा खर्च आक्रसला. घरखर्च वाढला म्हणून आधी औषध बंद करावे, तसा हा प्रकार होता.

फ्रान्सच्या लेखापरीक्षण न्यायालयाने जानेवारी 2022 मध्ये आरएसएवर दिलेल्या अहवालात याचा परिणाम आकड्यांत दिसतो. भत्त्यावर आल्यानंतर सात वर्षांनी लाभार्थ्यांपैकी केवळ 34 टक्के त्यातून बाहेर पडलेले होते, आणि त्या बाहेर पडलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांशच स्थिर नोकरीत होते. त्याच वर्षी पॅरिसला लागून असलेल्या सेन-सँ-दनी या गरीब जिल्ह्याने एक वेगळा सौदा केला: भत्त्याचा भार पुन्हा केंद्राने उचलावा, आणि त्या बदल्यात जिल्हा सामावून घेण्याच्या कामावरचा खर्च दुप्पट करील.

सोबत नीट दिली की काय होते, हे फ्रान्समध्ये लहान प्रमाणावर बऱ्याच ठिकाणी पाहायला मिळते. 2014 पासून रोजगार कार्यालयाचा एक सल्लागार आणि जिल्ह्याचा एक समाजसेवक मिळून एकाच माणसाकडे लक्ष देतात अशी एक व्यवस्था आहे. तिच्यात एका सल्लागाराकडे सत्तरच्या आसपासच माणसे असतात, तर एरवी हा आकडा दोनशे-तीनशेच्या घरात जाऊ शकतो. याहून जुनी वाट म्हणजे ‘सामावून घेणाऱ्या’ उद्योगांची. हे उद्योग माणसाला जास्तीत जास्त 24 महिन्यांपर्यंतच्या करारावर पगार देऊन कामाला ठेवतात आणि कामाच्या वेळेतच त्याच्या घराचे, कर्जाचे, व्यसनाचे किंवा प्रशिक्षणाचे प्रश्न हाताळतात. बझाँसाँ शहराजवळ 1991 मध्ये ज्याँ-गी हेंकेल यांनी सुरू केलेली ‘जार्दें द कोकान्य’ ही सेंद्रिय भाजीची शेती याचे चांगले उदाहरण आहे. आसपासची कुटुंबे वर्गणी भरून दर आठवड्याला भाजीची टोपली घेतात, आणि ती भाजी पिकवणारे बरेच जण किमान भत्त्यावरून आलेले असतात. पुढे देशभर अशा अनेक शेतांचे जाळे तयार झाले. इथे काम करणारा माणूस उद्या माळीच होईल असे नाही. पण सकाळी वेळेवर उठणे, सहकाऱ्यांशी जमवून घेणे आणि आपण केलेल्या कामाचे पैसे कोणी आनंदाने देते हा अनुभव तो बरोबर घेऊन जातो.

‘शून्य दीर्घकालीन बेकारीचे प्रदेश’ हा प्रयोग याच्याही पुढे जातो. त्याची कल्पना व्रेझिन्स्कींच्याच संघटनेतून पुढे आली. 29 फेब्रुवारी 2016 च्या कायद्याने दहा ठिकाणी त्याची परवानगी मिळाली, त्यांत ब्रिटनी प्रांतातल्या पिप्रियाकसारखे छोटे गाव होते तसाच पॅरिसचा तेरावा विभागही होता. डिसेंबर 2020 मध्ये दुसरा कायदा करून तो वाढवण्यात आला. यामागचा तर्क सरळ आहे. माणसाला बेकार ठेवण्याचाही समाजाला खर्च येतोच, भत्त्यांचा आणि न मिळालेल्या करांचा. मग तोच पैसा पगारात वळवावा. यात आधी जागा ठरवून मग माणूस निवडला जात नाही. गावात वर्षभर किंवा अधिक काळ बेकार असलेल्या माणसाला आधी विचारतात की तुला काय येते आणि आठवड्याला किती तास जमेल, आणि मग गावात कोणते उपयोगी काम होत नाही ते शोधून दोन्हींची सांगड घालतात. नोकरी कायम स्वरूपाची आणि किमान वेतनावर असते. जुन्या वस्तूंची दुरुस्ती, लाकूडतोड, वृद्धांची ने-आण, गावातले दुकान चालवणे अशी कामे यातून उभी राहिली. प्रत्येक नोकरीमागे येणारा खर्च सुरुवातीच्या अंदाजापेक्षा जास्त निघाला आणि वाचणारा पैसा कमी, हा त्यावरचा मुख्य आक्षेप आहे, आणि तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

मराठी वाचकाला इथे आपली रोजगार हमी आठवल्याशिवाय राहणार नाही. 1972 च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून महाराष्ट्राने जी वाट धरली आणि 1977 च्या कायद्याने जिला हक्काचे रूप दिले, ती फ्रान्सच्या नेमकी उलटी होती. आपण आधी कामाची हमी दिली आणि त्या कामाची मजुरी हाच आधार मानला. फ्रान्सने आधी उत्पन्नाची हमी दिली आणि काम मागाहून शोधले. खडी फोडण्याच्या कामात माणसाला ‘सामावून घ्यायचे’ असते असे आपण कधी म्हटले नाही. 2016 च्या प्रयोगात फ्रान्स निदान दहा जागी आपल्या वाटेच्या थोडा जवळ आला, एवढेच.

पंधरा तास

सध्याचा वाद डिसेंबर 2023 च्या ‘पूर्ण रोजगार’ कायद्याभोवती आहे. त्याने जुन्या रोजगार कार्यालयाचे 1 जानेवारी 2024 पासून ‘फ्रान्स त्राव्हाय’ असे रूपांतर केले. 1 जानेवारी 2025 पासून आरएसए घेणाऱ्या प्रत्येकाची तिथे आपोआप नोंदणी होऊ लागली, आणि आठवड्याला निदान 15 तासांच्या ‘उपक्रमां’ची अट आली. हे पंधरा तास म्हणजे बिनपगारी वेठबिगारी नव्हे, जरी विरोधकांच्या फलकांवर तसे लिहिलेले असते. अर्ज लिहिणे, प्रशिक्षण, एखाद्या कंपनीत काही दिवस काम पाहणे, परवान्याचे तास, डॉक्टरांच्या भेटी, हे सगळे त्यात धरता येते. आजारी व अपंग व्यक्तींना आणि बारा वर्षांखालच्या मुलांची सोय नसलेल्या एकल पालकांना यातून सूट मिळू शकते, आणि तास माणसाची परिस्थिती पाहून ठरवावेत असे घटना परिषदेनेही बजावले आहे. अट पाळली नाही तर भत्ता स्थगित होतो. माणूस पुन्हा हजर झाला तर अडकलेली रक्कम ठरावीक मर्यादेत परत मिळते.

माझा या अटीला तत्त्वतः विरोध नाही, कारण 1988 चा करारही दुहेरीच होता. शंका आहे ती अंकगणिताची. सुमारे अठरा लाख कुटुंबे या भत्त्यावर आहेत. त्यांच्यासाठी दर आठवड्याला पंधरा अर्थपूर्ण तास आखायचे, ते पाळले गेले का ते पाहायचे आणि जिथे जमले नाही तिथे का जमले नाही ते ऐकून घ्यायचे, याला माणसे लागतात. ती नसतील तर अट फक्त एका बाजूला लागू होते: लाभार्थ्याची चूक संगणकात दिसते, प्रशासनाची दिसत नाही.

शेजारच्या जर्मनीत 2005 पासून ‘हार्ट्झ चार’ नावाची बेकारांच्या भत्त्याची कडक व्यवस्था होती. तिथल्या घटना न्यायालयाने नोव्हेंबर 2019 मध्ये शिक्षा म्हणून भत्त्यात 30 टक्क्यांहून अधिक कपात करण्यास लगाम घातला, आणि 2023 च्या सुधारणेने ‘मिळेल ती नोकरी आधी, प्रशिक्षण नंतर’ हा क्रम सैल केला. 2019 पासून तिथे आणखी एक तरतूद आहे: मागच्या सात वर्षांतली निदान सहा वर्षे भत्त्यावर काढलेल्या माणसाला कोणी नोकरी दिली, तर पहिली दोन वर्षे त्याच्या वेतनाचा पूर्ण खर्च सरकार उचलते, पुढे दरवर्षी दहा टक्क्यांनी कमी करत पाच वर्षांपर्यंत मदत देते, आणि त्या काळात माणसाबरोबर एक मार्गदर्शकही असतो.

पहाटे पाचच्या त्या कामाचे काय करायचे, हा प्रश्न मात्र भत्त्याच्या नियमांनी सुटणारा नाही. कार्यालये पहाटे झाडली जातात कारण साहेबलोकांना झाडू दिसू नये अशी जुनी रीत आहे. फ्रान्समध्ये नांतसारख्या शहराच्या प्रशासनाने आपल्या इमारतींची सफाई दिवसा, कर्मचारी कामावर असतानाच करून घ्यायला सुरुवात केली. अशा ठिकाणी सफाई करणाऱ्या बाईला नेहमीची बस मिळते, तिची पाळी सलग लागते, आणि दोन तुकड्यांत विखुरलेले तीन-तीन तास जोडून तिची नोकरी पूर्णवेळ करणे शक्य होते.